ध्वनिक्षेपक व ग्राही यांची जुळणी

विद्युत् संदेशाचे ध्वनीत रूपांतर करणारा ध्वनिक्षेपक (बोलभाषेतील स्पीकर) आणि त्याला शक्ती पुरविणारा ग्राही एकमेकांना विद्युत्‌दृष्ट्या, यांत्रिक दृष्ट्या व ध्वनिकीच्या दृष्टीने अनुरूप असतील, अशी त्यांची निवड व जोडणी करणे म्हणजे जुळणी होय. ग्राही हा शब्द येथे बाजारात ज्याला रिसीव्हर म्हणतात त्या साधनासाठी वापरला आहे. रेडिओ संदेशाचा शोधक, पूर्वविवर्धक व शक्तिविवर्धक (संदेशाची शक्ती वाढविणारे मंडल) या तीन गोष्टी ग्राहीमध्ये एकाच पेटीत असतात. होम थिएटर या नावाने प्रचलित असलेल्या घरगुती चित्रपटध्वनियंत्रणेत त्यांच्या जोडीला अनेक ध्वनिमार्ग वेगळे करणारी मंडलेही असतात.

जुळणी हा शब्द गेली सुमारे शंभर वर्षे वापरात असला, तरी त्याचा अर्थ या काळात दोनदा मूलतः बदलला. निर्वात नलिकांच्या काळात जुळणी म्हणजे रोहित्राच्या साहाय्याने ध्वनिक्षेपकाचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध) नलिकेस मानवेल अशा मूल्यास आणणे. ट्रँझिस्टरांच्या काळात ती केवळ एक मर्यादा ठरली. ध्वनिक्षेपकाचा संरोध विशिष्ट मूल्याच्या खाली जाऊ नये एवढेच पाहावयाचे उरले. बहुमार्गी ध्वनियंत्रणा घरात आल्यावर खोली, ऐकण्याचे अंतर, ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता व कंप्रतांचे विभाजन (कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) यांचाही समावेश या शब्दात झाला. साधनांच्या पाठीवर छापलेली ओहम व वॉट ही परिमाणे मात्र तीच राहिली. त्यामुळे जुन्या अर्थाने आकडे वाचून नवी साधने खरेदी करण्याची चूक आजही सर्रास होते. या आकड्यांमागील अर्थ इतिहासाच्या आधारेच नीट उलगडतो.

प्रारंभीचा काळ : चुंबकीय क्षेत्रात ठेवलेले तारेचे वेटोळे प्रवाहामुळे हलते, या तत्त्वावर आधारित रचनेचे एकस्व (पेटंट) व्हेर्नर फोन झीमेन्स यांनी १८७४ मध्ये घेतले; परंतु ध्वनिनिर्मितीसाठी त्यांनी तिचा उपयोग केला नाही. इंग्रज भौतिकीविज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये चल वेटोळ्याच्या दूरध्वनिग्राहीचे एकस्व घेतले. तथापि त्या काळी संदेशाचे विवर्धन करणारे साधन नव्हते आणि चालविण्यास पुरेशी शक्ती उपलब्ध नसल्याने दोन्ही रचना व्यवहारात निरुपयोगी ठरल्या. ली डी फॉरेस्ट यांची तीन अग्रांची ऑडिऑन नलिका १९०६ मध्ये तयार झाली. पुढील सहा-सात वर्षांत विवर्धक म्हणून तिचा उपयोग ध्यानात आला आणि उच्च निर्वातीकरणामुळे ती भरवशाची झाली. ध्वनिक्षेपकाचा खरा इतिहास येथून सुरू होतो.

अमेरिकेत पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी चल वेटोळे व कर्णा यांचा संयोग करून १९१५ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्को येथे मोठ्या जनसमुदायास संगीत ऐकविले. त्यांच्या मॅग्नाव्हॉक्स यंत्रणेवरून १९१९ मध्ये सॅन डिएगो येथे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे भाषण सुमारे ५०,००० श्रोत्यांपर्यंत पोहोचले. घरगुती रेडिओचे ध्वनिक्षेपक मात्र या वेळी निराळ्या प्रकारचे होते. ते डोक्यास लावावयाच्या श्रवणयंत्राचेच मोठे रूप असून एका पातळ लोखंडी पटलासमोर बारीक तारेची अनेक वेढ्यांची वेटोळी बसविलेली असत. अशा वेटोळ्यांचा संरोध काही हजार ओहम भरे. नलिकेचा अंतर्गत रोधही काही हजार ओहमच असल्याने ध्वनिक्षेपक नलिकेच्या धनाग्र मंडलात सरळ जोडता येई. जुळणीचा प्रश्न त्यामुळे निर्माणच झाला नाही. ध्वनी मात्र कर्कश व खर्जहीन असे.

चल वेटोळे व रोहित्र : जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील सी. डब्ल्यू. राइस व ई. डब्ल्यू. केलॉग यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे ही स्थिती पालटली. कर्णा काढून टाकून कागदी शंकूला हलके वेटोळे जोडावे आणि शंकूचे अनुस्पंदन (नैसर्गिक कंप्रतेस होणारे जोरदार कंपन) उपयोगाच्या कंप्रतांच्या खाली ठेवावे, म्हणजे विस्तृत पट्ट्यात जवळजवळ एकसारखा ध्वनी मिळतो, असे त्यांनी दाखविले. आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक याच तत्त्वावर चालतात. या रचनेला त्या काळच्या रेडिओपेक्षा अधिक शक्ती लागे. म्हणून १९२६ मध्ये विक्रीस आलेल्या रेडिओला-१०४ या ध्वनिक्षेपकाच्या पेटीतच सुमारे १ वॉटचा विवर्धक बसविलेला होता. म्हणजे या जातीचा पहिला व्यापारी ध्वनिक्षेपक स्वतःचा विवर्धक घेऊनच बाजारात आला. जुळणी कारखान्यात झालेली होती. ग्राहकाला तीत काही करावयाचे नव्हते.

शंकूला जोडलेले वेटोळे हलके असणे आवश्यक असल्याने त्यात वेढे थोडे असत आणि त्याचा संरोध ३ ते १६ ओहमच भरे. नलिकेला मात्र काही हजार ओहमचा भार हवा असे. ही तफावत दूर करण्यासाठी प्रदान रोहित्र वापरात आले. रोहित्राच्या दोन वेटोळ्यांतील वेढ्यांचे जे गुणोत्तर असते, त्याच्या वर्गाच्या पटीत संरोध बदलतो. उदा., नलिकेला ५,००० ओहमचा भार हवा असेल व ध्वनिक्षेपक ८ ओहमचा असेल, तर संरोधांचे गुणोत्तर ६२५ येते. म्हणून रोहित्रातील वेढ्यांचे गुणोत्तर २५ ठेवावे लागते. त्याच रोहित्राला ४ ओहमचा ध्वनिक्षेपक जोडल्यास नलिकेला फक्त २,५०० ओहमचा भार दिसतो, मिळणारी शक्ती घटते व विकृती (मूळ संदेशात नसलेल्या घटकांची भर) वाढते. यासाठी विवर्धकाच्या पाठीमागे ४, ८ व १६ ओहमसाठी स्वतंत्र अग्रे देण्याची प्रथा पडली. ब्रिटिश साधनांवर पुष्कळदा ३ व १५ ओहम हे आकडे आढळतात.

उगमाचा व भाराचा रोध समान असताना भारास महत्तम शक्ती मिळते, हा नियम एम. एच. याकोबी यांनी १८४० च्या सुमारास मांडला होता. त्यावरून जुळणी म्हणजे संरोधांची समानता, अशी समजूत रूढ झाली आणि ती अनेक पाठ्यपुस्तकांतून पुढे चालत आली. विवर्धकाच्या बाबतीत ती कधीच अचूक नव्हती. ट्रायोड नलिकेपासून कमी विकृतीची जास्तीत जास्त शक्ती मिळविण्यासाठी भार नलिकेच्या अंतर्गत रोधाच्या सुमारे दुप्पट ठेवीत. पेंटोड नलिकेत तर तो अंतर्गत रोधाच्या अल्पांशाइतकाच असे. महत्तम शक्तीपेक्षा विकृतीची मर्यादा हाच निवडीचा खरा निकष होता.

१९३० च्या दशकातील रेडिओत ही जुळणी आणखी घट्ट होती. प्रभावी चिरचुंबक त्या वेळी महाग असल्याने ध्वनिक्षेपकात विद्युत् चुंबक वापरीत आणि त्याचे वेटोळे रेडिओच्या एकदिश विद्युत् पुरवठ्यातील चढउतार गाळण्याच्या कामीही येई. असा ध्वनिक्षेपक काढून दुसरा बसविल्यास केवळ आवाजच नव्हे, तर संपूर्ण ग्राहीचा विद्युत् पुरवठा बिघडे. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्टयुक्त मिश्रधातूंचे चिरचुंबक स्वस्त झाल्यावर हे बंधन सुटले. यानंतर ध्वनिक्षेपक हा ग्राहीपासून अलग, स्वतंत्रपणे विकत घेण्याजोगा घटक बनला आणि निवडीची जबाबदारी ग्राहकावर येऊन पडली.

ऋण प्रतिसंभरण व अवमंदन : पेंटोड नलिका कमी खर्चात अधिक शक्ती देते, परंतु तिचा अंतर्गत रोध फार मोठा असतो. ध्वनिक्षेपकाचा संरोध सर्व कंप्रतांना सारखा नसतो. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाचा संरोध अनुस्पंदनाजवळ ३० ओहमच्याही वर जाऊ शकतो. मोठा अंतर्गत रोध असलेला उगम अशा ठिकाणी अधिक विद्युत् दाब देतो. परिणामी एका विशिष्ट खर्ज स्वरावर आवाज घुमतो आणि संदेश थांबल्यावरही शंकू काही काळ हलत राहतो. जुन्या रेडिओतील भरीव वाटणाऱ्या घुमाऱ्याचे हे एक कारण होय.

या दोषावरील उपाय दूरध्वनीच्या क्षेत्रातून आला. बेल प्रयोगशाळेतील एच. एस. ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीतून कामावर जात असता ऋण प्रतिसंभरणाची (प्रदान संदेशाचा काही भाग उलट करून आदानाकडे परत देण्याची) कल्पना सुचली व त्यांनी ती हातातील वृत्तपत्राच्या पानावर टिपून ठेवली. या योजनेने विवर्धन कमी होते. त्याबरोबर विकृतीही घटते व विवर्धकाचा प्रदान संरोध पुष्कळ कमी करता येतो. प्रदान संरोध कमी असलेला विवर्धक ध्वनिक्षेपकाच्या वेटोळ्यास जवळजवळ लघुमंडलित करतो. शंकू आपोआप हलू लागल्यास वेटोळ्यात निर्माण होणारा प्रवाह त्या हालचालीस विरोध करतो. यास विद्युतीय अवमंदन म्हणतात.

ब्रिटनमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये वायरलेस वर्ल्ड या नियतकालिकात दोन लेखांतून प्रसिद्ध केलेला सुमारे १५ वॉटचा विवर्धक या दिशेने निर्णायक ठरला. रोहित्रासह संपूर्ण विवर्धक प्रतिसंभरणाच्या फेऱ्यात घेऊन त्यांनी विकृती ०·१ टक्क्याच्या आसपास आणली. त्यासाठी लागणारे रोहित्र अतिशय काळजीपूर्वक गुंडाळावे लागे. जगभरातील हौशी तंत्रज्ञांनी या आराखड्यावरून विवर्धक बांधले. मूळ ध्वनीशी अधिकाधिक तद्रूप अशा पुनरुत्पादनाची, म्हणजे हाय-फायची चळवळ याच सुमारास वाढीस लागली. अवमंदन गुणांक (भाराचा संरोध व विवर्धकाचा प्रदान संरोध यांचे गुणोत्तर) हा आकडा जाहिरातींत येऊ लागला.

या आकड्याचे महत्त्व पुढे वाजवीपेक्षा फुगविले गेले. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकातील वेटोळ्याचा स्वतःचा रोध सुमारे ६ ओहम असतो व तो अवमंदनाच्या मंडलात नेहमीच असतो. अवमंदन गुणांक २० असल्यास विवर्धकाचा संरोध ०·४ ओहम व मंडलातील एकूण रोध ६·४ ओहम होतो. गुणांक २०० असल्यास तो ६·०४ ओहम होतो. दहापट मोठ्या आकड्यामुळे प्रत्यक्ष फरक सहा टक्क्यांच्या आत राहतो.

कार्यक्षमतेतील क्रांती : ध्वनिक्षेपकाच्या रचनेतील बदलांनी जुळणीला दुसरे परिमाण दिले. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीच्या कोपऱ्याचाच कर्ण्यासारखा उपयोग करणारा प्रचंड ध्वनिक्षेपक विकसित केला. तो इतका कार्यक्षम होता की, काही वॉटच्या विवर्धकावर मोठी खोली भरून जाई. याउलट एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ हा ध्वनिक्षेपक तयार केला. त्यात हवाबंद पेटीतील हवेचीच स्प्रिंग शंकूस आधार देत असे. त्यामुळे पुस्तकांच्या फडताळात मावणाऱ्या पेटीतून खोल खर्ज मिळू लागला. याची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागली. कर्ण्याच्या व छोट्या हवाबंद पेटीच्या ध्वनिक्षेपकांत १५ ते २० डेसिबेल इतका फरक पडू शकतो. म्हणजे समान आवाजासाठी तीस ते शंभरपट विद्युत् शक्ती लागते.

हा विनिमय मूलभूत आहे. लहान पेटी, खोल खर्ज व उच्च कार्यक्षमता या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. तिसरीचा त्याग केल्यासच पहिल्या दोन साधतात. दिवाणखान्यात दोन मोठी कपाटे ठेवण्यापेक्षा दोन छोट्या पेट्या ठेवणे लोकांना पसंत पडले. १९५७-५८ मध्ये स्टिरिओ ध्वनिमुद्रिका आल्यावर तर ही निवड जवळजवळ सार्वत्रिक झाली. परिणामी विवर्धकांची शक्ती दहा-पंधरा वॉटपासून पन्नास-शंभर वॉटपर्यंत वाढली.

याच काळात ग्राही हा स्वतंत्र साधनप्रकार पुढे आला. हर्मन-कार्डन कंपनीने १९५४ मध्ये फेस्टिव्हल डी-१००० हा एकाच पेटीतील हाय-फाय ग्राही विकावयास आणला. अमेरिकेत जून १९६१ पासून एफएम पट्ट्यावर स्टिरिओ प्रक्षेपणास परवानगी मिळाली व अशा ग्राहींचा खप वाढला.

ट्रँझिस्टर युग : सिलिकॉन शक्तिट्रँझिस्टर १९६० च्या दशकात विवर्धकांत स्थिरावले आणि प्रदान रोहित्राची गरज संपली. ट्रँझिस्टर मूळातच कमी दाबावर मोठा प्रवाह देऊ शकतो. त्यामुळे तो ध्वनिक्षेपकाला सरळ जोडता येतो. त्याचा प्रदान संरोध ओहमच्या लहानशा अंशाएवढा असतो. अशा विवर्धकाचा संरोध भाराच्या संरोधाइतका करणे निरर्थक असते. तो विद्युत् दाबाचा उगम म्हणून वागतो व भार मागेल तितका प्रवाह देण्याचा प्रयत्न करतो. जुळणीचा जुना अर्थ येथे संपला.

नवा धोका प्रवाहाचा होता. ८ ओहमच्या भारात १०० वॉट देताना विवर्धकाचा दाब सुमारे २८·३ व्होल्ट व प्रवाह ३·५ अँपिअर असतो. तोच दाब ४ ओहमच्या भारावर आल्यास प्रवाह ७ अँपिअरपर्यंत व शक्ती २०० वॉटपर्यंत जाते. विद्युत् पुरवठा व उष्णताविसर्जक पत्रे तेवढी सक्षम नसल्यास ट्रँझिस्टर तापून निकामी होतात. नलिका क्षणभर होणारी अशी चूक सहन करीत असे. ट्रँझिस्टर सेकंदाच्या अल्प भागात नष्ट होई. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकांच्या दोन जोड्या समांतर जोडल्या की भार ४ ओहम होतो, ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्याने अनेक ग्राही बिघडले. पुढे संरक्षक मंडले सर्वत्र आली. काही ग्राहींवर ४ व ८ ओहम असा बदलक असतो. तो जुन्या रोहित्रावरील अग्रांसारखा दिसत असला, तरी बहुतेक साधनांत तो फक्त पुरवठ्याचा दाब कमी करून उष्णता मर्यादेत ठेवतो. त्याने जुळणी सुधारत नाही.

स्थिरविद्युत् ध्वनिक्षेपकांनी या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. पीटर वॉकर यांच्या कंपनीचा क्वाड ध्वनिक्षेपक १९५७ मध्ये विक्रीस आला. तो विद्युत्‌दृष्ट्या धारित्रासारखा असल्याने उच्च कंप्रतांना त्याचा संरोध पुष्कळ उतरतो. तो ज्या नलिका-विवर्धकासाठी आखला होता त्यावर उत्तम चाले. काही प्रारंभीचे ट्रँझिस्टर विवर्धक मात्र अशा भारामुळे अस्थिर होत. पाठीवरील एक आकडा हा संपूर्ण संरोधवक्राचे प्रतिनिधित्व करू शकत नाही, ही गोष्ट यावरून स्पष्ट झाली. आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या मानकानुसार निर्दिष्ट कंप्रता-पट्ट्यात संरोधाचे किमान मूल्य छापील मूल्याच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असू नये; म्हणजे ८ ओहमचा ध्वनिक्षेपक ६·४ ओहमच्या खाली जाऊ नये. व्यवहारात हा नियम सर्वच उत्पादक पाळतात असे नाही.

ऑस्ट्रेलियात ए. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये छिद्रयुक्त पेटीचे गणित मांडले व रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ते विस्तारले. त्यामुळे ध्वनिक्षेपकाच्या थोड्या राशींवरून पेटीचे आकारमान काढता येऊ लागले. या गणितात उगमाच्या रोधाचा विचार असतो आणि व्यवहारात तो जवळजवळ शून्य धरला जातो. म्हणजे ध्वनिक्षेपक आखतानाच विवर्धक आदर्श दाब-उगम आहे असे गृहीत धरले जाऊ लागले. मोठा प्रदान संरोध असलेला ट्रायोड विवर्धक अशा पेटीस जोडल्यास खर्ज बदलतो, याचे कारण हेच होय.

शक्तीच्या आकड्यांचा वाद : वॉट हा आकडा विक्रीचे साधन बनल्यावर त्याच्या मापनाच्या पद्धती सैल झाल्या. क्षणभर मिळणारी कमाल शक्ती, सर्व मार्गांची बेरीज, मोठी विकृती मान्य करून घेतलेले मापन, अशा युक्त्यांनी एकाच विवर्धकाला अनेक आकडे चिकटविता येत. दोन साधनांची तुलना करणे ग्राहकास अशक्य झाले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७४ मध्ये यासंबंधी नियम केला. घरगुती विवर्धकाची शक्ती जाहीर करताना ती सरासरी सातत्यपूर्ण शक्ती असावी आणि तिच्याबरोबर भाराचा संरोध, कंप्रतांचा पट्टा व विकृतीची कमाल मर्यादा ही माहिती द्यावी, असे त्यात सांगितले होते. मापनापूर्वी साधन एक तास एक-तृतीयांश शक्तीवर चालवावयाचे होते. ही अट कठीण होती. कारण सामान्य विवर्धकातील ट्रँझिस्टर पूर्ण शक्तीपेक्षा अशा मधल्या शक्तीवरच अधिक तापतात. २००० मध्ये ती शिथिल करून एक-अष्टमांश करण्यात आली.

हा नियम दोन मार्गांच्या साधनांच्या काळातील होता. पाच किंवा सात मार्गांचे ग्राही आल्यावर त्यांतील किती मार्ग एकाच वेळी चालवून शक्ती मोजावयाची, हा प्रश्न अनिर्णित राहिला. सर्व मार्गांना एकच विद्युत् पुरवठा असल्याने दोन मार्ग चालविताना मिळणारी शक्ती सात मार्ग चालविताना मिळत नाही. १ किलोहर्ट्‌झ या एकाच कंप्रतेवर व मोठ्या विकृतीसह मोजलेले आकडेही पुन्हा जाहिरातींत दिसू लागले. २०२४ मध्ये आयोगाने नियमात दुरुस्ती करून जाहीर करावयाच्या शक्तीसाठी मापनाच्या समान अटी घालून दिल्या.

घरगुती चित्रपटध्वनी : चित्रपटगृहातील बहुमार्गी ध्वनी घरात आणण्याचा मार्ग डॉल्बी प्रयोगशाळेने १९७० च्या दशकाच्या मध्यास चित्रपटांसाठी आणलेल्या पद्धतीने खुला केला. घरगुती रूप १९८२ मध्ये व समोरचा मधला मार्ग स्वतंत्रपणे काढणारी सुधारित पद्धती १९८७ मध्ये आली. १९९६-९७ मध्ये डीव्हीडी विक्रीस आल्यावर पाच पूर्ण मार्ग व एक खर्जमार्ग अशी रचना सर्वसामान्य झाली. छताकडून ध्वनी येण्याची सोय असलेली पद्धती २०१४ पासून घरगुती ग्राहींत उपलब्ध झाली.

जुळणीच्या दृष्टीने लुकासफिल्म कंपनीची टीएचएक्स ही प्रमाणन पद्धती महत्त्वाची आहे. टॉमलिन्सन होल्मन यांच्या नेतृत्वाखाली १९८३ मध्ये ती चित्रपटगृहांसाठी सुरू झाली व १९९० मध्ये तिचे घरगुती रूप आले. तिच्यात ध्वनिक्षेपक व ग्राही यांतील कामाची वाटणी आधीच ठरलेली असते. ८० हर्ट्‌झ ही विभाजन कंप्रता असून तिच्याखालील ध्वनी खर्ज-ध्वनिक्षेपकाकडे जातो. मुख्य ध्वनिक्षेपकाच्या हवाबंद पेटीचा नैसर्गिक उतार आणि ग्राहीतील गाळणीचा उतार मिळून अपेक्षित उतार पूर्ण होतो. अर्धी गाळणी ग्राहीत व अर्धी पेटीत अशी ही योजना आहे. छिद्रयुक्त किंवा फार छोट्या पेटीचा ध्वनिक्षेपक अशा ग्राहीस जोडल्यास संरोध योग्य असूनही ८० हर्ट्‌झच्या आसपास ध्वनीत खड्डा किंवा उंचवटा पडू शकतो.

खर्ज अलग केल्याने ग्राहीवरील भार हलका होतो, हा या योजनेचा मोठा लाभ. चित्रपटातील सर्वांत शक्तिखाऊ भाग खर्ज-ध्वनिक्षेपकाच्या स्वतःच्या विवर्धकाकडे जातो.

शक्ती व संवेदनशीलता : ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता २·८३ व्होल्ट दिले असता १ मी. अंतरावर मिळणाऱ्या ध्वनिपातळीने दर्शवितात. ८ ओहमच्या भारात हा दाब १ वॉट देतो, पण ४ ओहमच्या भारात २ वॉट; म्हणून ४ ओहमचा ध्वनिक्षेपक प्रत्यक्षाहून ३ डेसिबेल अधिक कार्यक्षम भासतो.

चित्रपटाच्या प्रमाणित पातळीनुसार प्रत्येक मुख्य मार्गाने श्रोत्याच्या जागी क्षणिक १०५ डेसिबेलपर्यंत पोहोचावे अशी अपेक्षा असते. ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता ८८ डेसिबेल व अंतर ३ मी. धरल्यास मोकळ्या जागेत सुमारे ९·५ डेसिबेल घट होते. म्हणून १ वॉटच्या वर २६·५ डेसिबेल, म्हणजे सुमारे ४५० वॉट शक्ती लागेल. बंद खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे ही गरज बरीच कमी होते. घरात बहुधा प्रमाणित पातळीपेक्षा १० डेसिबेल कमी आवाज पुरतो. तेव्हा वरील हिशोबानेही ४५ वॉट पुरे होतात. त्याच ठिकाणी ९४ डेसिबेल संवेदनशीलतेचा ध्वनिक्षेपक वापरल्यास शक्तीची गरज एक-चतुर्थांशावर येते. ८० वॉटऐवजी १०० वॉटचा ग्राही घेतल्याने मात्र जेमतेम १ डेसिबेलचा फरक पडतो व तो कानास क्वचितच जाणवतो. ग्राहीच्या वॉटपेक्षा ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता अधिक काळजीने पाहावी, असा याचा अर्थ होतो.

लहान शक्तीच्या विवर्धकाने ध्वनिक्षेपक सुरक्षित राहतो हा समजही चुकीचा आहे. विवर्धकाकडून क्षमतेबाहेर काम घेतल्यास तरंगांचे शेंडे कापले जातात, संदेशाची सरासरी शक्ती वाढते आणि उच्च कंप्रतांचे घटक त्यात मिसळतात. त्यांचा भार उच्च स्वरांच्या नाजूक वेटोळ्यावर पडतो व ते जळू शकते. ध्वनिक्षेपकावर छापलेल्या शक्तीहून विवर्धक काहीसा मोठा असणे, आवाज बेताचा ठेवल्यास, अधिक सुरक्षित असते.

जोडतारेचा रोधही मंडलाचाच भाग असतो. १० मी. अंतरासाठी ०·७५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या दुहेरी तारेचा रोध सुमारे ०·४६ ओहम भरतो व ८ ओहमच्या भारात अर्ध्या डेसिबेलची घट करतो, २·५ चौ. मिमी. तारेत तो ०·१४ ओहम राहतो. याहून महाग तारांपासून होणारा लाभ नगण्य होय. सर्व ध्वनिक्षेपकांची धन व ऋण अग्रे एकाच क्रमाने जोडणे अत्यावश्यक असते. अन्यथा दोन शंकू विरुद्ध दिशांना हलून खर्ज नाहीसा होतो.

सार्वजनिक ध्वनिक्षेपण : संरोधजुळणीची जुनी पद्धती एका क्षेत्रात आजही जिवंत आहे. महाराष्ट्रातील सभागृहे, शाळा, रेल्वे स्थानके व उत्सवांचे मांडव यांत अनेक ध्वनिक्षेपक दूरवर पसरलेले असतात, तेव्हा १०० व्होल्ट वाहिनीची पद्धती वापरतात. प्रत्येक ध्वनिक्षेपकाबरोबर एक छोटे रोहित्र असते व त्यावर ५, १०, १५ वॉट अशा शक्तींची अग्रे असतात. १० वॉटचे अग्र वाहिनीवर १,००० ओहमचा भार घालते. सर्व ध्वनिक्षेपकांच्या वॉटांची बेरीज विवर्धकाच्या शक्तीपेक्षा जास्त होऊ दिली नाही, की जुळणी साधते. दाब मोठा असल्याने प्रवाह लहान राहतो व बारीक तारांतूनही फारशी हानी होत नाही.

अलीकडील प्रवृत्ती : एकविसाव्या शतकात ग्राहीसोबत मापनाचा ध्वनिग्राहक देण्याची पद्धत पडली. प्रत्येक मार्गावरून चाचणी-ध्वनी सोडून ग्राही ध्वनिक्षेपकाचे अंतर, पातळी व खालची कंप्रतामर्यादा ओळखतो आणि त्यानुसार विलंब, पातळी व विभाजन ठरवितो. ध्वनिक्षेपकाची कमी कार्यक्षमता किंवा ग्राहीची अपुरी शक्ती यांची भरपाई मात्र या योजनेने होत नाही. अतिजलद उघडझाप करून चालणारे विवर्धक उष्णता फार कमी निर्माण करतात; परंतु त्यांच्या काही रचनांत शेवटच्या गाळणीचा परिणाम भाराच्या संरोधावर अवलंबून असल्याने संरोधाकडे पुन्हा लक्ष द्यावे लागले.

प्रत्येक शंकूसाठी स्वतंत्र विवर्धक पेटीतच बसविलेले ध्वनिक्षेपक ध्वनिमुद्रणगृहांत रूढ झाले असून घरगुती खर्ज-ध्वनिक्षेपक व दूरचित्रवाणीखाली ठेवावयाचे लांबट ध्वनिक्षेपक बहुधा याच प्रकारचे असतात. त्यांत ओहम व वॉट यांची जुळणी कारखान्यातच होते. १९२६ मधील रेडिओला-१०४ चे तत्त्व अशा रीतीने पुन्हा व्यवहारात आले आहे. स्वतंत्र ग्राही व स्वतंत्र ध्वनिक्षेपक निवडणाऱ्यास मात्र संवेदनशीलता, किमान संरोध, खोलीचे आकारमान आणि ज्या अटींवर वॉट मोजले त्या अटी, या चार गोष्टी स्वतः पाहाव्या लागतात.